मॉडेल रेल्वेवर खरीखुरी मालवाहतूक: वाघीण, कार्ड आणि बिल्टी

लेआउट (मॉडेल रेल्वेचे रूळ आणि देखावा यांची मांडणी) बांधून झाला, रुळांत वीज खेळली, गाडी गोल फिरायला लागली की महिन्याभरात कंटाळा येतो, कारण गाडीला कुठे जायचंच नसतं. पुण्यातल्या जोशींच्या संग्रहालयात गाड्या फिरताना बघायला मजा येते, पण तो खेळ प्रेक्षकांसाठी. लेआउट चालवणाऱ्याला काम हवं असतं. खऱ्या रेल्वेत प्रत्येक वाघिणीला (मालगाडीच्या डब्याला) स्वतःचा पत्ता असतो आणि मालगाडी म्हणजे एकाच दिशेच्या पत्त्यांची तात्पुरती बांधलेली मोळी. ही गोष्ट लेआउटवर आणायला नवे रूळ लागत नाहीत. जाड कागद, कात्री आणि थोडी शिस्त पुरते.

इथली उदाहरणं 1950च्या दशकातल्या अमेरिकन रेल्वेची आणि एचओ स्केलची (1:87) आहेत. त्या काळात एकेक वाघीण स्वतंत्रपणे बुक व्हायची, त्यामुळे शंटिंगला (डबे तोडणं, जोडणं, जागी लावणं) भरपूर वाव मिळतो. आजच्या भारतीय रेल्वेचं मॉडेल केलंत तर खाणीतून निघालेला 58 बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या) वाघिणींचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, सरळ वीजकेंद्रात जातो. मध्ये करण्यासारखं काही उरत नाही. भारतीय लेआउटच हवा असेल तर काळ मागे न्या, वाघीण-वाघीण माल बुक होत होता तिथपर्यंत.

आधी कार्डं. प्रत्येक वाघिणीला एक. 250 जीएसएमचा कार्डशीट 5 सेंमी रुंद आणि 13.5 सेंमी लांब कापा. खालचे 3.5 सेंमी वर दुमडून दोन्ही कडांना चिकटपट्टी लावली की 10 सेंमीचं कार्ड आणि खाली खिसा तयार. सगळ्यात वरच्या 3 सेंमीत वाघिणीचा प्रकार, रंग, रेल्वेची अक्षरं आणि नंबर लिहा. अक्षरं शेवटी एक्सने संपत असतील (यूटीएलएक्स, जीएटीएक्स), तर ती वाघीण रेल्वेची नाही, खासगी मालकाची. अशी टँकर-वाघीण रिकामी झाली की मालकाकडे परत पाठवायची, वाटेत दुसऱ्याचा माल भरायचा नाही.

बिल्टी म्हणजे वाघिणीने कोणता माल घेऊन कुठे जायचं ते सांगणारा 4.6 × 7 सेंमीचा साधा कागद. खिशात घातली की तिचा फक्त वरचा अर्धा भाग दिसतो. म्हणून एका बिल्टीवर चार मजकूर बसतात: पुढे वर, पुढे खाली उलटा, आणि मागच्या बाजूला तसेच दोन. दर फेरीनंतर बिल्टी फिरवायची. फळांच्या बर्फाच्या वाघिणीवर हे फार छान जमतं. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस या फळवाहतूक कंपनीच्या वाघिणीची बिल्टी अशी: एक, रिकामी, बर्फाच्या फलाटावर. दोन, पॅकिंग शेडला, संत्री भरण्यासाठी. तीन, भरलेली, पुन्हा बर्फाच्या फलाटावर. चार, शिकागोच्या बाजारासाठी पूर्वेच्या स्टेजिंगमध्ये (पडद्यामागच्या रुळांवर). एकाच वाघिणीचं चार बैठकांचं (बैठक म्हणजे लेआउट चालवायला एकदा जमणं) काम झालं आणि प्रत्येक हालचालीला कारण आहे. गुरांच्या वाघिणीतही असंच कारण सापडतं: तिथल्या कायद्याने 28 तासांनंतर जनावरांना उतरवून चारा, पाणी आणि विश्रांती द्यावी लागे, म्हणून मधल्या यार्डाजवळ (डबे क्रमाने लावायच्या रुळांजवळ) एक गोठा टाकला की तो नुसता देखावा राहत नाही. सगळ्या बिल्ट्यांना चार बाजू हव्यातच असं नाही. कोळशाच्या वाघिणीला ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’ एवढ्या दोन पुरतात.

स्टेजिंग म्हणजे पडद्यामागचे रूळ. लेआउटबाहेरचं सगळं जग तिथे उभं असतं. दोन-तीन रूळ असले तरी चालेल, पण प्रत्येकाला नाव हवं: पूर्व, पश्चिम, अमुक रेल्वेशी अदलाबदल.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: वाघिणींची संख्या. चाळीस फुटी वाघीण एचओमध्ये कपलरसकट (डबे जोडणाऱ्या आकड्यांसकट) साधारण 15 सेंमी भरते. 60 सेंमीच्या साइडिंगवर (कारखान्याच्या बाजूच्या रुळावर) चार बसतात असं वाटतं, पण सांध्याजवळची (रूळ फुटतो तिथली) मोकळी जागा सोडली तर तीनच. अशा सगळ्या कारखान्यांच्या जागा मोजा. बेरीज 30 आली तर लेआउटवर (स्टेजिंग वगळून) 18 ते 20 वाघिणीच ठेवा. यार्डाचंही तेच, दोन तृतीयांशाच्या वर भरलं की डबे क्रमाने लावायला रिकामा रूळ उरत नाही आणि यार्ड मास्तर दिवसभर तेच डबे इकडून तिकडे करत बसतो. हौशी माणूस वाघिणी विकत घेतो त्या वेगाने रूळ वाढत नाहीत, तेव्हा जास्तीच्या खोक्यात ठेवा आणि दर महिन्याला अदलाबदल करा.

गाडीची लांबी इंजिनाच्या ताकदीवर ठरवू नका, ती ठरते सगळ्यात आखूड लूपवर (दोन्ही टोकांनी मुख्य रुळाला जोडलेल्या बाजूच्या रुळावर). लूपमध्ये 90 सेंमी मोकळे असतील तर सहा वाघिणी, आणि सांध्यापलीकडे इंजिनाला निसटायला आणखी 25-30 सेंमी. हे शेपूट विसरलं जातं, मग इंजिन वळसा घेऊन पुढून मागे येऊच शकत नाही.

प्रत्येक गावाच्या कडेला, लेआउटच्या फळीवर, तीन खण लावा: ‘आलेल्या’, ‘थांबलेल्या’, ‘उचलायच्या’. गाडीवाला वाघीण ठेवतो तेव्हा तिचं कार्ड ‘आलेल्या’त टाकतो आणि ‘उचलायच्या’तली कार्डं आपल्या गड्डीत घेतो. बैठक संपल्यावर लेआउटचा मालक ‘आलेल्या’तल्या साधारण दोन तृतीयांश बिल्ट्या फिरवून ‘उचलायच्या’त टाकतो, बाकीच्या ‘थांबलेल्या’त. सगळ्या एकदम फिरवल्या तर पुढच्या वेळी प्रत्येक कारखाना पूर्ण रिकामा आणि पूर्ण भरलेला होत राहतो, आणि तो रोजचा व्यवहार वाटत नाही.

‘थांबलेल्या’ खणामुळेच शंटिंगला धार येते. एक प्रसंग पाहा. गाडी पश्चिमेहून आली आहे. कॅनिंग कारखान्याचा रूळ मागच्या दिशेने फुटतो, म्हणजे सांधा ओलांडून पुढे जायचं आणि मग मागे रेटायचं. आतल्या टोकाच्या दारावर भरलेली वाघीण आहे, तिला उचलायचंय. सांध्याजवळच्या दारावरची अजून अर्धीच भरली आहे, ती तिथेच राहणार. तुमच्याकडे एक रिकामी आहे, तिला आतल्या दारावर लावायचंय. बाकीची गाडी सांध्याच्या पश्चिमेला मुख्य रुळावर सोडा, फक्त रिकामी घेऊन पुढे या. मागे रेटा, दोन्ही वाघिणींना जोडा, बाहेर ओढा. आता सांधा मुख्य रुळाकडे फिरवून तिन्ही मागे रेटा. शेवटची गाडीला जोडली गेली की रिकामीच्या मागून तोडा. रिकामी आतल्या दारावर लावा, नुसतं इंजिन परत आणा, अर्धी भरलेली उचलून तिच्या दारावर ठेवा. मग गाडीला येऊन लागा. एक रिकामी देणं आणि एक भरलेली घेणं एवढ्यासाठी हे सगळं. गाडी बांधतानाच रिकामी इंजिनाच्या लगेच मागे लावली नसती, तर आणखी दोन फेऱ्या पडल्या असत्या.

रूळ पुढच्या दिशेने फुटत असेल तर इंजिनाला वाघिणीच्या मागे यावं लागतं, म्हणजे लूप हवाच. लूप नसेल तर खरे रेल्वेवाले जे करत तेच करा: जाताना मागे फुटणारे कारखाने, येताना उरलेले. परतीच्या प्रवासात दिशा उलटते आणि काम सोपं होतं.

वेग सांभाळा. ताशी 16 किमी म्हणजे एचओमध्ये सेकंदाला 5 सेंमी. एका वाघिणीची लांबी पार करायला तीन सेकंद. जोडताना त्याच्या निम्म्याहून कमी, सात सेकंद तरी. फास्ट घड्याळ (खऱ्यापेक्षा वेगाने पळणारं) वापरणार असाल तर 4:1च्या वर नेऊ नका, कारण शंटिंगला खराच वेळ लागतो. वेळापत्रक नसेल तर घड्याळ लागतच नाही.

दोन-तीन हौशी मित्रांचे लेआउट जोडायचे असतील तर प्रत्येकाने स्टेजिंगचा एक रूळ दुसऱ्याच्या रेल्वेच्या नावाने ठेवायचा. स्केल आणि कपलर सारखे असतील तर वाघीण कार्डासकट खोक्यातून पाठवता येते. तळाला मालकाच्या रंगाचा ठिपका आधी लावा, नाहीतर वर्षभराने कोणाची कोणती हे सांगता येत नाही. एकाकडे एचओ, दुसऱ्याकडे त्याहून लहान एन स्केल, किंवा एक नाशिकला आणि एक न्यू जर्सीत असेल, तर फक्त बिल्टी पाठवा. वाघीण जिथल्या तिथे राहते. घेणारा तोच प्रकार स्वतःच्या खोक्यातून काढून तिच्यात बिल्टी घालतो. म्हणून अशा बिल्टीवर नंबर नाही, प्रकार लिहायचा: ‘बॉक्स, पीठ 50 टन, कुठून, कुठे’. बैठक संपल्यावर यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, आणि माल पुढच्या बैठकीतच उतरवा. अंतराला तेवढा वेळ लागतो. पाठवल्या तेवढ्या आल्या का हे दर महिन्याला जुळवा. हिशेब एका बाजूला झुकला की एकाचं यार्ड तुंबतं आणि दुसऱ्याकडे गाड्या निघत नाहीत. मॉड्यूल (लेआउटचे एकमेकांना जोडता येणारे सुटे तुकडे) घेऊन एकत्र जमायचं असेल तर आधी उंची ठरवा: अमेरिकेत फ्री-मो हे मॉड्यूलचं मानक रूळ जमिनीपासून 50 इंचांवर ठेवतं, तर युरोपात 1981 पासून चालत आलेल्या फ्रेमोच्या एचओ मॉड्यूलवर ती 130 सेंमी असते.

संगणकावर जेएमआरआय या सॉफ्टवेअरमधलं ऑपरेशन्स वापरून याद्या छापता येतात, फुकट आहे. तीस वाघिणींपर्यंत मात्र कार्डच बरं. यादी एकदा बिघडली की ती सुधारत बसण्यातच संध्याकाळ जाते.

कागद कितीही नीट असला तरी बैठक मोडते ती बहुतेक वेळा चाकांवर. 15 सेंमीची एचओ वाघीण एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार 113 ग्रॅम भरली पाहिजे. हलकी असेल तर मागे रेटताना वळणावर उतरते. वजन तळाशी, मधोमध चिकटवा. कपलरची उंची केडी कंपनीच्या गेजवर (मापपट्टीवर) तपासा, एक वर आणि एक खाली असेल तर चढावर गाडी तुटते. प्लास्टिकची चाकं काळी चिकट घाण गोळा करतात. शक्य तिथे धातूची बसवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डबे तोडायला हाताने उचलू नका. बांबूची टोकदार काडी दोन कपलरच्या मध्ये घालून हलकेच फिरवली की ते सुटतात.

बैठकीआधी दहा मिनिटं यार्डात आणि स्टेजिंगमध्ये फिरून प्रत्येक वाघिणीचं कार्ड त्याच जागी आहे ना ते बघा. मध्येच एखादी रुळावरून उतरली, तर तिच्या कार्डात लाल चिठ्ठी घाला. ‘खराब’ एवढंच लिहू नका. ‘पुढची चाकं, डाव्या वळणावर, मागे रेटताना’ असं लिहा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी शोधत बसावं लागत नाही.