अभियांत्रिकीचा वर्ग एप्रिलात गावात कसा न्यावा

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, त्यातही पाणीपुरवठा. हवामानबदल आणि पाणीटंचाईवर मी बरीच वर्षं वर्गात बोलत आले. त्यातून मुलांना उत्तरं लिहिता आली, पण कोरड्या नळासमोर उभं राहिल्यावर काय करायचं ते कळलं नाही. म्हणून आता तिसऱ्या वर्षाला एकच काम देते: जवळच्या गावाची नळयोजना घ्या आणि शेवटच्या घरी पाणी का पोचत नाही ते शोधा. तुमच्या कॉलेजात हे करायचं असेल तर माझी रीत सांगते.

हा प्रकल्प सम सत्रातच, म्हणजे उन्हाळ्यात संपणाऱ्या सत्रातच ठेवा. ऑगस्टमध्ये सगळ्या योजना चांगल्या दिसतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत, त्यामुळे मार्चनंतर विहिरी भराभर उतरतात. योजनेची खरी परीक्षा तेव्हा होते. कॉलेजांना गावांशी जोडणाऱ्या केंद्राच्या उन्नत भारत अभियानात तुमची संस्था असेल तर गावं ठरलेलीच असतात. नसेल तर सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी स्वतः जाऊन भेटा, पत्रावर भागवू नका.

गावात जाण्याआधी मुलांना एक दिवस हॉस्टेलवर ५५ लिटर पाण्यात काढायला लावा. जलजीवन मिशनने माणशी रोजचं एवढंच पाणी धरलं आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत केपटाउनसारख्या महानगराने माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे त्याच दिवशी सांगा. संध्याकाळी कपडे धुवायचे राहिलेले असतात, तेव्हा हे आकडे मुलांना वेगळे ऐकू येतात.

गट सहा जणांचा करा. स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक अशा शाखा मिसळा. संगणकाच्या मुलांना पहिल्या दिवसापासून सेन्सर बसवायचा असतो. महिनाभर थांबवा. आधी १५ लिटरची बादली आणि घड्याळ. नळाखाली बादली भरायला किती सेकंद लागले, घर कुठलं, वेळ काय, हे वहीत लिहायचं. टाकीजवळच्या घरी आणि टोकाच्या वस्तीवर, दोन्हीकडे.

मग वर्गात एक हिशेब पूर्ण करून घ्या. वस्ती १,२०० माणसांची, म्हणजे रोज ६६,००० लिटर. सहा तास पंप चालवला तर ताशी ११ घनमीटर. विहिरीपासून टाकीपर्यंत घर्षणासह ६० मीटर उचल धरली तर पाण्याला मिळायला हवी १.८ किलोवॅट शक्ती. पंप आणि मोटर मिळून निम्मी कार्यक्षमता धरली तर मोटरला वीज लागते ३.६ किलोवॅट. महिन्याला साधारण ६५० युनिट. इथे बहुतेक पाठ्यपुस्तकं थांबतात. तुम्ही थांबू नका. ग्रामपंचायतीकडून ताजं वीजबिल मागा, दर बघा, पाणीपट्टी किती घरांकडून येते ते बघा. बिल थकून जोडणी तुटली तर उत्तम पंपही निरुपयोगी. पाणीपट्टीची वसुली हा अभियांत्रिकीचा भाग आहे, हे मुलांना इथे पटतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ऐकण्याला द्या. एका वर्षी माझ्या गटाने ईपानेटमध्ये, म्हणजे पाइपांतला दाब आणि प्रवाह काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गावाच्या पाइपांचं जाळं उभं केलं. संगणक म्हणत होता, टोकाच्या वस्तीवर पुरेसा दाब आहे. प्रत्यक्षात तिथे बारीक धार. दोन आठवडे मुलं पाइपचे व्यास पुन्हा पुन्हा तपासत राहिली. शेवटी वस्तीवरच्या एक आजी म्हणाल्या, “पानी यायच्या आधी नळ लई वेळ फुसफुसतो बाळा.” ईपानेट पाइप भरलेला धरतं, गावात तासभर पाणी सोडलं जातं आणि उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. मुलांनी जलवाहिनीवर चालत जाऊन चढाच्या माथ्यावरचा एअर व्हॉल्व्ह शोधला. तो मातीखाली गेला होता. हवा बाहेर पडायला वाटच नव्हती, आणि असलेल्या तासातला बराच वेळ ती हवा ढकलण्यातच जात होता.

आजींना हे रोज माहीत होतं, विचारलं कोणी नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक गटाने पाणी भरणाऱ्या किमान दहा बायकांशी आणि पाणी सोडणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचं नाही. मुलाखतीला मुलींना पुढे आणि मुलांना मागे, असंही करू नका. सगळ्यांनी विचारायला शिकायचं.

गुण कसे द्यावेत यावर सहकारी वाद घालतात. मी निम्मे गुण मोजमापाच्या वहीला देते. चुकलेला अंदाज खोडून न टाकता, तो का चुकला हे लिहिलं असेल तर पूर्ण गुण. उरलेले ग्रामसभेतल्या मांडणीला. ती मराठीतच हवी, आणि तिथे उठलेल्या प्रश्नांची उत्तरंही. “खर्च कोण देणार?” हा प्रश्न दरवेळी येतो, त्याची तयारी करून घ्या.

मुलांनी दुरुस्ती सुचवली म्हणून ती होईलच असं आश्वासन गावाला देऊ नका. काय मोजलं, काय आढळलं, एवढंच लिहून गावाच्या पाणी समितीला द्या.

वही मात्र कॉलेजात ठेवा. पुढच्या वर्षीच्या गटाला नवं गाव देऊ नका, तीच वही द्या, आणि त्याच घरांसमोर तीच बादली पुन्हा भरायला लावा.