बाळाचे नाव फारच प्रचलित होईल, अशी धास्ती वाटत असेल तर

नाव मनात भरले, पण वर्गात त्याच नावाची तीन मुले निघतील अशी शंका येत असेल, तर संकेतस्थळांवरील याद्या बाजूला ठेवून जवळच्या बालवाडीत मुले सुटण्याच्या वेळी कोणती नावे पुकारली जातात ते ऐकावे. आरव, आरुष, आर्यन अशी एकाच वळणाची नावे सतत कानी पडत असतील, तर केवळ एखादे अक्षर बदलून वेगळेपण येत नाही, उलट गोंधळ तेवढा वाढतो.

पत्रिकेतील आद्याक्षरामुळे (उदाहरणार्थ, कृत्तिका नक्षत्राला अ, ई, उ, ए) निवड आक्रसत असल्यास, जुन्या रिवाजाप्रमाणे जन्मनाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारातील नाव मोकळेपणाने निवडावे. आत्याबाईंची थोडी समजूत काढावी लागेल, इतकेच.

बारशाच्या दिवसाचेही दडपण नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करणे आवश्यक असले, तरी ती नावाविना होऊ शकते आणि पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क नोंदवता येते. शिवाय आपल्याकडे नावापाठोपाठ वडिलांचे नाव आणि आडनाव येत असल्याने, आडनाव पवार किंवा जाधव नसेल, तर हजेरीपटावर तंतोतंत जुळणी क्वचितच होते.