आधी नकाशा, मग नाव-नंबर

खड्डा, बंद दिवा, तुंबलेलं गटार कळवायची ऑनलाइन सोय करताय? पहिल्याच पानावर लॉगिन मागू नका. लोक तिथूनच परत फिरतात. आधी नकाशावर पिन, मग फोटो आणि एखादी ओळ. मोबाइल नंबर अगदी शेवटी.

तक्रार कुठल्या कार्यालयाची, हे जागा आणि प्रकार पाहून यंत्रणेनेच ठरवावं. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या फिक्समायस्ट्रीट या तक्रारींच्या वेबसाइटची खुबी हीच. पिन टाकताच आसपासच्या जुन्या तक्रारी दिसल्या, तर एकाच खड्ड्याच्या वीस नोंदी होत नाहीत. उंच इमारतींच्या गर्दीत जीपीएस हमखास चुकतं, म्हणून पिन बोटाने सरकवता यायला हवी. आणि हो, ‘काम झालं’ हे बटण तक्रारदाराच्याही हाती द्या.