प्राथमिक वर्गात मुलांच्या जोड्या कशा लावाव्यात

पुण्यातील अनेक प्राथमिक वर्गांत घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या शेजारी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुले बसतात. त्यामुळे बाकावर शेजारी असलेलाच जोडीदार मानण्याची सोय फार दिवस पुरत नाही.

जोडी कामावरून ठरवावी. वाचन किंवा हातच्याची वजाबाकी यांच्या सरावासाठी मुलांची त्या-त्या कौशल्यातील सध्याच्या तयारीनुसार क्रमवार यादी करावी आणि ती शिक्षकाच्या टाचणवहीतच ठेवावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये पहिली ते पाचवीसाठी धरलेल्या ३० मुलांमागे एक शिक्षक या प्रमाणाचा वर्ग असेल, तर यादीचे दोन भाग करून पहिल्याला सोळाव्याशी, दुसऱ्याला सतराव्याशी अशा क्रमाने जोडावे, म्हणजे प्रत्येक जोडीतील अंतर सारखे राहते. पहिल्याला तिसाव्याशेजारी बसवण्याची पद्धत सर्रास दिसते; परंतु तेथे बहुधा एक उत्तर सांगतो, दुसरा ते उतरवतो आणि शिकणे दोघांचेही थांबते. वाचनाची यादी गणिताला वापरू नये, कारण अडखळत वाचणारे मूल हिशेबात पुढे असू शकते.

मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीला दोन्ही भाषा येणारा जोडीदार द्यावा, मात्र त्या जोडीदाराला कायमचा दुभाषा करू नये. त्याचाही अभ्यास असतो.

जोडीत दोघांनाही काम हवे. गणितात एकच वही आणि एकच पेन्सिल द्यावी: एकाने पायऱ्या सांगायच्या, दुसऱ्याने लिहायच्या आणि पुढच्या उदाहरणाला भूमिका बदलायच्या. वाचनात ऐकणाऱ्याने ओळीवर बोट ठेवावे व चुकलेला शब्द लगेच न सांगता वाचणाऱ्याला क्षणभर वेळ द्यावा. चर्चेसाठी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे: आधी प्रत्येकाने गप्प राहून विचार करायचा, मग जोडीदाराशी बोलायचे, शेवटी वर्गापुढे मांडायचे. अशा कामाला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या तरी चालतात.

सरावाच्या जोड्या दोन-तीन आठवड्यांनी बदलाव्यात. कट्टीमुळे नकार आला तर एवढाच तास पूर्ण करायला सांगावे. परंतु जात, धर्म किंवा कपड्यांवरून नकार आला, तर जोडी मोडू नये आणि त्या मुलाशी वर्गाबाहेर स्वतंत्र बोलावे. कोणी गैरहजर असल्यास उरलेल्या मुलाला जवळच्या जोडीत घेऊन तिकडी करावी आणि तिसऱ्याकडे उत्तर पडताळण्याचे काम द्यावे.