कुत्र्याला रॉहाईडचं हाड देताय?

नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या पेट शॉपमध्ये गाठ मारलेली पांढरट ‘हाडं’ मिळतात, ती हाडं नसतातच. जनावराच्या कातड्याचा आतला थर चुन्यासारख्या रसायनांनी केस काढून, धुऊन, वाळवून वळलेला असतो. विष नाही, पण पचायला जड, आणि ओलं झालं की फुगतं. खरी भीती शेवटच्या तुकड्याची. चघळून मऊ झालेला तो तुकडा कुत्रा अख्खा गिळतो आणि तो घशात किंवा आतड्यात अडकतो.

द्यायचंच असेल तर तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं घ्या, समोर बसून द्या, लहान झालं की काढून घ्या. हिसकावू नका, घाईत गिळेल. पनीरचा तुकडा दाखवा, आपोआप सोडतो. अधाशी लॅब्रॅडॉरला किंवा पिल्लाला मी तरी देणार नाही.

त्यापेक्षा पोकळ रबरी खेळण्यात साधा दहीभात भरून फ्रीजरमध्ये घट्ट करा. मटणाची शिजलेली नळी नको, ती फुटून टोकदार होते. आणि नाशकात हंगामात द्राक्षांची पेटी घरात असतेच, तरी द्राक्ष किंवा बेदाणा एकही नको; मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तुकडा गिळला आणि वारंवार उलट्या, जेवण बंद, शी बंद असं दिसलं तर मीठ-पाणी पाजू नका, थेट पशुवैद्याकडे जा. एक्स-रेत चामडं दरवेळी दिसत नाही, म्हणून उरलेला तुकडा सोबत न्या.