ग्रामोफोनची स्प्रिंग मोटर 'धप्प' करू लागली तर

रेकॉर्ड वाजताना मोटरमधून अधूनमधून 'धप्प' असा आवाज येतो आणि सूर क्षणभर डळमळतो, तेव्हा स्प्रिंगवरचे ग्रीस वाळून डिंकासारखे झाले आहे असे समजावे. वेढे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग झटक्याने सुटतात. यावर बाहेरून स्प्रे मारण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. स्प्रे वेढ्यांच्या आतपर्यंत पोचत नाही. कडेचे ग्रीस तेवढे पातळ होऊन गळते. स्प्रिंग ड्रममधून, म्हणजे ती ज्या गोल डबीत असते तिच्यातून, बाहेर काढून धुणे, हाच इलाज.

मोटर उघडण्याआधी चावी पूर्ण उतरवा. ब्रेक सोडून टर्नटेबल आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या, मग हाताने ढकलून उरलेला ताण काढा. चावी भरलेली असताना गव्हर्नरला, म्हणजे मोटरचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाला, हात लावायचा नाही. गव्हर्नर सुटला की मोटरला लगाम राहत नाही. गिअरचे दात जातात, कधी बोटेही.

टर्नटेबल, हँडल, मोटर, ड्रम या क्रमाने सोडवा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंग कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, हे फोटोत दिसलेच पाहिजे.

आता खरे काम. एचएमव्ही १०२ सारख्या पोर्टेबलमध्ये एकच स्प्रिंग असते, मोठ्या कॅबिनेट यंत्रांत दोन किंवा जास्त. चावी उतरली तरी ड्रममधली स्प्रिंग दबलेलीच असते. कित्येक फूट लांबीची पोलादी पट्टी चार बोटांच्या डबीत कोंबलेली असते, एवढे लक्षात ठेवा. जाड चामडी हातमोजे आणि गॉगल हवेतच. ड्रम गोणपाटात धरा, मधला दांडा फिरवून त्याचा आकडा स्प्रिंगच्या भोकातून सोडवा, मग पक्कडीने आतले टोक पकडून एकेक वेढा बाहेर घ्या. प्रत्येक वेढा सुटताना ड्रमवर दुसऱ्या हाताचा दाब असू द्या. मधोमध धरून सरळ वर ओढलीत तर स्प्रिंग शंकूसारखी वाकते आणि पुढे कायम ड्रमच्या झाकणाला घासत राहते. ड्रम जमिनीवर आपटून स्प्रिंग उडवणारे 'जाणकार' भेटतात. त्यांच्या हाती यंत्र देऊ नये.

रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून फडक्याने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांपासूनच पुढे तडा जातो. दोन्ही टोकांची भोके भिंगातून पाहा, स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या यंत्रात गंजाचे खड्डे दिसले तर नवी स्प्रिंग शोधा. रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाच्या भोकाचा आकार, चारही जुळले पाहिजेत.

बसवताना उलट क्रम: आधी बाहेरचे टोक ड्रमच्या रिव्हेटमध्ये, मग आत आत एकेक वेढा हाताने दाबत. ग्रॅफाइटचे ग्रीस प्रत्येक वेढ्याला पातळ थरात लावा. ड्रम भरून टाकला तर उन्हाळ्यात ते पाझरून गिअरवर येते. खोबरेल आणि व्हॅसलीन तर अजिबात नको.

ड्रम बंद करण्याआधी दांडा घालून फिरवून पाहा. सर्वांत आतला वेढा दांड्याला घट्ट लपेटलेला नसेल तर आकडा भोकात अडकत नाही, चावी नुसतीच गरगरते, आणि लोक स्प्रिंग तुटली म्हणून धरून बसतात. तो वेढा पक्कडीने हलके दाबून लहान करा. घाईत जोर लावलात तर टोक मोडते.

गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, त्याच्या ब्रेकच्या चामड्याला किंवा नमद्याला एक. चामडे कोरडे राहिले तर किंचाळते.

वेग रेकॉर्ड वाजत असतानाच तपासा, रिकाम्या टर्नटेबलवर नाही. कडेला कागदाचा कपटा ठेवून मिनिटात ७८ फेरे मोजा आणि वेगाच्या स्क्रूने जुळवा.

रोजच्या वापरात पोर्टेबलला रेकॉर्डच्या दर बाजूला सावकाश चावी द्या आणि हाताला जड लागले की थांबा. यंत्र महिनोन्महिने ठेवायचे असेल तर चावी उतरवून ठेवा.