मत्स्यालयाच्या जाड काचेतून माशांचे फोटो कसे काढावेत

दार उघडायच्या वेळेला पोहोचा, माशांना खाणं घालण्याच्या वेळा फलकावर बघून घ्या आणि गडद कपडे घाला. पांढरा शर्ट प्रत्येक फोटोत भुतासारखा उमटतो.

रिसॉर्टच्या गार खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढलात तर भिंगावर वाफ धरते. पुसत बसू नका, पुन्हा धरते. बंद पिशवीतच त्याला बाहेरच्या हवेइतका कोमट होऊ द्या.

आता खरी अडचण. आपण काच म्हणतो, पण मोठ्या टाक्यांना असते ती अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची भिंत. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात ती तब्बल ६० सेंटिमीटर जाड आहे. पहिल्यांदा अशा टाकीपुढे गेलो तेव्हा मधे गर्दी, म्हणून कोपऱ्यातून तिरके फोटो काढत सुटलो. घरी येऊन बघतो तर एकही मासा धड नाही. कडांना निळी-तांबडी किनार, अंगावरचे पट्टे फिसकटलेले. मी भिंगाला दोष दिला आणि महागडं भिंग घेतलं. पुढच्या खेपेला तीच किनार, फक्त जास्त महागाची.

दोष कोनाचा होता. पाण्यातून अ‍ॅक्रिलिकमध्ये आणि तिथून हवेत येताना प्रकाश वाकतो, आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. जितकं तिरकं बघाल तितके रंग फाकतात. त्यामुळे कॅमेरा भिंतीला काटकोनातच धरायचा, यात तडजोड नाही. भिंगाला रबरी हूड (पुढे बसणारी नळीसारखी कड) लावून तो भिंतीला अलगद टेकवा, म्हणजे मागच्या दिव्यांचं प्रतिबिंबही जातं. धातूची कड मात्र टेकवू नका, अ‍ॅक्रिलिकला चटकन ओरखडे पडतात. आणि माशामागे कॅमेरा वळवू नका, वळवलात की पुन्हा तिरके झालात. मोठे मासे टाकीत फेऱ्या मारतात. समोर येईपर्यंत थांबा. ‘झूम करून काढा’ असं सांगणाऱ्यांनी बहुधा आपले फोटो कधी मोठे करून पाहिलेले नसतात.

फ्लॅश बंद. मासे बिचकतात आणि फोटोत फक्त पांढरा डाग येतो.

शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) लागेल तितका वर. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला मासा चालत नाही. निळी झाक नंतर काढता येते, त्यासाठी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, ठेवा. जेलीफिशला शटर थोडं संथ चालतं.

टाकीतून जाणाऱ्या पारदर्शक बोगद्यात भिंतच वाकडी असते. तिथे कॅमेरा खिशात ठेवा आणि मान वर करून बघा.